बँकेतला बोर्डभाव

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कोणी फिदीफिदी केलं तर मी उठून जाईन आणि जाताना चहाची किटली पण घेऊन जाईन. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांना पुढच्या दहा मिनिटांत कळेलच.

मी एक घोळ घातला होता. असा तसा नाही! त्यानंतर आठ दिवस आमच्या घरात भाजीला मीठ कमी आहे म्हणायची कोणाची छाती झाली नाही. चूक पूर्ण माझी आणि राग मात्र मी सगळ्या गावावर काढला. खरं सांगू? तो अजून पूर्ण निघालेला नाही.

आता हे कळायचं असेल तर आधी माझं माहेर कळलं पाहिजे. मी दापोऱ्याची. केळीवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे पोरं अ-आ-ई नंतर शिकतात, आधी शिकतात ते 'आज बोर्ड काय निघाला?' बुऱ्हाणपूरच्या मंडीत रोज केळीचा भाव निघतो, त्याला आम्ही बोर्ड म्हणतो. ज्या दिवशी तुमची गाडी भरली, त्या दिवशीचा बोर्ड तुमचा. काल काय होता, परवा काय होता, ते बायकोला सांगा. व्यापारी आजचा बोर्ड बघून पैसे देणार.

आमचे आबा म्हणायचे, "बोर्ड पडाले लागला का माल कापून मोकळं व्हा. इचार करनाऱ्याची केळी झाडावर पिकते." झाडावर पिकलेली केळी म्हणजे संपलंच, तिला व्यापारी हात लावत नाही. मग घरच्यांनी आणि पाहुण्यांनी आठ दिवस शिकरण खायचं. मला आजही शिकरण बघवत नाही.

लग्न होऊन मी बुऱ्हाणपुरात आले, बुधवाऱ्यात. ह्यांचं तिथे वह्या, पेनं, कागद यांचं छोटं दुकान. मी शाळेत शिकवायचे. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा वेळेआधीच निवृत्ती घेतली आणि आयुष्यभराचा जो काही फंड मिळाला, तो सगळाच्या सगळा बँकेत पाच वर्षांच्या मुदत ठेवीत टाकला. एफडी हो! साडेदहा टक्क्यांनी. दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात यायचं आणि जसं यायचं तसं इंदूरला जायचं, कारण आमची एकुलती एक मंजू तिथे बी.फार्मसी करत होती. दुकानावर घर चालायचं, व्याजावर मंजूची फी आणि हॉस्टेल. तीन वर्षं सगळं सुरळीत. मंजू कॉलेजात गेली ती एफडीनंतर वर्षभरानं, म्हणून तिची दोन वर्षं पार पडली होती, दोन राहिली होती. एफडीचीही दोनच वर्षं राहिली होती. असा चोख हिशेब मीच बसवला होता, आणि तो मीच उधळला.

कसा? ऐका.

त्या साली बुऱ्हाणपूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जो तो छाती फुगवून फिरत होता. कलेक्टर येणार, ऑफिसं येणार, जमिनीचे भाव वाढणार! मी पासबुकात नोंद करून घ्यायला बँकेत गेले. उन्हाळा तापायला लागलेला. पंखा होता, पण त्याचं वारं फक्त कॅशियरला. रांगेत माझ्यापुढे अकरा माणसं आणि नोंदीचं मशीन बंद. म्हणजे राग यायला मला कारणाची गरजच नव्हती, तो घरूनच तयार होऊन आला होता. उभ्या उभ्या नजर भिंतीवर गेली. तिथे ठेवींच्या व्याजदराचा फळा. पाच वर्षांच्या पुढे खडूनं लिहिलेलं, सहा.

सहा!

साडेदहाचे सहा! मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. सहाच. अहो, बोर्ड पडतो, पण एवढा? आमच्या केळीनं सुद्धा असा विश्वासघात कधी केला नाही. माझ्या डोळ्यांसमोर मंजूचं हॉस्टेल आलं, तिची मेस आली, फीची पावती आली. आणि मी रांग सोडून थेट आत घुसले.

आत बोरसे साहेब बसलेले. खंडव्याहून बदली होऊन आलेले, चाळिशीचे, आवाज इतका मऊ की समोरच्याला उगाच आपणच ओरडतोय असं वाटावं. मला अशी माणसं मुळीच आवडत नाहीत.

"साहेब, हे काय चाललंय?"

"काय झालं मॅडम?"

"बाहेर फळा लावलाय तो!"

"हां, रेट. कालच बदलले मॅडम."

"अजून खाली जाणार?"

"लक्षणं तर तशीच दिसून राहिलीत. सगळीकडेच कमी होऊन राहिलेत ना मॅडम. आता आपला देश जगाशी जोडला चाललाय, बाहेरचा पैसा येतोय, कर्ज स्वस्त होतंय, तर मग ठेवींवर पण..."

"जोडा ना देश जगाशी! खुशाल जोडा! पण माझ्या व्याजाला कात्री लावून कशाला जोडता? माझ्या पोरीची फी काय जग भरणार आहे?"

"मॅडम, तुम्ही बसा तर. तुमची एफडी जुनी आहे का? जुनी असेल तर..."

"जुनी आणि नवी! म्हाताऱ्यांना एक भाव आणि तरण्यांना एक, असं आहे का तुमच्याकडे?"

"तसं नाही मॅडम. नवीन पैसा असेल, तर आजकाल आम्ही सांगतो की सगळा एका जागी नका ठेवू. थोडा एफडीत ठेवा, तो सुरक्षित. थोडा म्युच्युअल फंडात टाका. तिथे जोखीम आहे, पण..."

झालं! जोखीम हा शब्द माझ्या कानात पडला आणि माझं डोकं फिरलं. "म्हणजे आधी तुम्हीच व्याज पाडायचं, आणि माणूस घाबरला की त्याला जुगाराला बसवायचं! वा रे वा! चोर आहात तुम्ही लोक! चोर!"

आख्खी बँक वळून बघायला लागली. आणि रांगेतले एक आजोबा म्हणाले, "बाई बरोबर बोलून राहिल्या."

गर्दीतून एक 'बरोबर' आला ना, की माझ्यासारख्या बाईला थांबवणं ब्रह्मदेवाच्याही हातात नसतं. मी मागे वळून सगळ्यांना उद्देशून सांगितलं, "मी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय! मला हे हिशेब शिकवतात! उद्या येते आणि सगळी एफडी मोडते. बघते काय करतात!"

दोन-तीन लोकांनी माना डोलावल्या. मी पासबुक तसंच काखेत मारून बाहेर पडले. नोंद राहूनच गेली.

दुकानात हे वह्यांचे गठ्ठे लावत होते. आमचे हे म्हणजे स्वभावानं एकदम गरीब. मी उभ्या उभ्या सगळं रामायण सांगितलं. त्यांनी शांतपणे एक गठ्ठा खाली ठेवला.

"अगं, पण तू पावती बघितलीस का?"

"पावती काय बघायची? मी फळा बघून आले!"

"तसं नव्हे, पावतीवर..."

"तुम्ही एक सांगा. तुम्ही बँकेच्या बाजूनं आहात का माझ्या?"

आता यावर कोणता नवरा काय उत्तर देणार? तेवढ्यात एक गिऱ्हाईक दोन रुपयांची रिफील मागायला आलं. त्या रिफीलवाल्याकडे ह्यांनी इतक्या आनंदानं बघितलं, की मला अजूनच राग आला.

मग मी तिथेच दुकानातला एक कोरा कागद ओढला आणि मांडणी करायला बसले. बोरसे म्हणाला ना, थोडा सुरक्षित आणि थोडा जोखमीत? ठीक. तेच करू, पण आमच्या अकलेनं. सुरक्षित काय? जे डोळ्यांना दिसतं ते. माझा धाकटा भाऊ प्रकाश दापोऱ्याला केळी लावतो. केळी उभी दिसते, तिला हात लावता येतो, तिच्या बुंध्यावर कोणी खडूनं आकडे लिहून पुसत नाही. म्हणजे केळी सुरक्षित. आणि जोखीम कशात? ज्या बँकेचा दर साडेदहावरून सहावर घरंगळतो, त्या बँकेत! म्हणून दोन वाटे प्रकाशच्या केळीत आणि एक वाटा बँकेत, तोही कधीही काढता येईल असा. कागद ह्यांच्यासमोर नाचवत मी म्हटलं, "बघा! याला म्हणतात समतोल!"

हे म्हणाले, "अक्षर छान आलंय."

तुम्ही हसताय. मी बघितलं. चालू द्या.

दुसऱ्या दिवशी दोघंही बँकेत. एफडी दोघांच्या नावावर, म्हणून मोडायला दोघांच्या सह्या. बोरसे साहेबांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. मी पाण्याला शिवले नाही. चोराच्या घरचं पाणी कशाला?

"मॅडम, एक वेळ परत विचार करून घ्या. ही पावती..."

"विचार करणाऱ्याची केळी झाडावर पिकते!"

"जी?"

"काही नाही. फॉर्म द्या."

"मॅडम, मुदतीच्या आत मोडली तर पेनल्टी लागेल."

"लावा! किती लावता तेच बघायचंय मला!"

"आणि आधी जे जास्तीचं व्याज गेलंय, ते पण..."

"सही कुठे करायची तेवढं सांगा."

मी सही केली, चांगली झोकदार. मग फॉर्म ह्यांच्याकडे सरकवला. ह्यांनी बोरशांकडे बघितलं. बोरशांनी ह्यांच्याकडे बघितलं. दोन पुरुष एकमेकांकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर आठवली की आजही मला दोघांनाही झोडपावंसं वाटतं. ह्यांनी सही केली.

पासबुकात आकडा आला. बघते तर काय? मी जेवढे ठेवले होते, त्यापेक्षाही कमी! व्याज गेलं खड्ड्यात, मुद्दलच कुरतडलेलं!

"हे काय? माझं मुद्दल कुठे गेलं?"

बोरसे साहेब त्याच मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, पाच वर्षं ठेवणार होत्या म्हणून बँक पाच वर्षांच्या दरानं व्याज देत होती. तीन वर्षांत मोडली, तर तीन वर्षांचा दर लागतो, त्यातूनही एक टक्का कमी. जे जास्तीचं देऊन झालं होतं, ते मुद्दलातून कापलं गेलं."

"बघितलं? मी काल चोर म्हटलं ते उगाच नाही!" मी ह्यांना म्हणाले, बोरशांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि बाहेर पडले. पायऱ्या उतरताना मला काय वाटत होतं माहीत आहे? मी जिंकले! बोर्ड अजून पडायच्या आत माल काढून घेतला! आबा असते तर पाठ थोपटली असती, असं वाटत होतं मला. देवा रे!

काही दिवसांनी, एका रविवारी, मी टेम्पोत बसून दापोऱ्याला गेले. प्रकाश मळ्यात होता. नव्या लागवडीला पाण्याच्या नळ्या अंथरत होता. मी बांधावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. फळा, सहा, बोरसे, चोर, आजोबा, सही. रंगवून सांगितलं, हातवारे करून. मला वाटलं, हा म्हणेल, 'वा ताई! शोभतेस आबांची पोर!'

प्रकाशनं हातातली नळी खाली टाकली आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ताई, पावती किती वर्साची व्हती?"

"पाच."

"झाले किती?"

"तीन."

"अन् तिच्यावर भाव काय लिहेल व्हता?"

"साडेदहा. पण आता बोर्डावर..."

"थांब. साडेदहा लिहेल व्हता ना? पाच वर्सासाठी?"

"हो."

"मंग बोर्डाचा काय संबंध?"



तो माझ्याशेजारी येऊन बसला. "ताई, दोन सालाआधीची गोष्ट आठव. व्यापाऱ्यानं माझी केळी आधीच बोलली व्हती. इसार देला, चिठ्ठीवर भाव लिहून देला. मंग बोर्ड पडला तं तो फिरला. म्हने आजचा भाव घे. तवा मंडीत कोन आलतं भांडाले?"

आले होते. मीच आले होते. गुडघे दुखत असताना, रिक्षा करून.

"भर मंडीत तू त्याले काय म्हटलं? 'चिठ्ठीवर भाव लिहून दिलास ना? मग बोर्ड पडो नाहीतर आभाळ पडो, तोच द्यावा लागेल!' साऱ्या मंडीनं आयकलं. तो बिचारा गपचूप पैसे मोजून गेला. आजबी तुले पाहून दुकानाच्या आत जाते."

"म्हणजे?"

"म्हंजे काय! बँकेनं तुले चिठ्ठीच लिहून देली व्हती ना वं! बोर्ड पडला तो नवीन मालाचा. तुह्या मालाचा सौदा तं तीन वर्सापासून पक्का. बँक रडत रडत तुले अजून दोन वर्सं साडेदहा देत राहती. तू स्वतःच गेली अन् स्वतःचाच सौदा मोडून आली. वरून दंड भरला!"

मला तिथेच धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण मी गप्प बसणारी थोडीच! राग तर आला होता, आणि असा की डोळ्यांसमोर अंधारी. फक्त तो कोणावर काढायचा ते सापडत नव्हतं. मी शोधायला लागले.

"मग त्या मेल्या बोरशानं सांगितलं का नाही? त्याचं कामच आहे ते!"

"तू बोलू देलं का त्याले?"

'जुनी असेल तर...' 'पावतीवर...' 'ही पावती...' एकेक वाक्य आठवायला लागलं. दोन त्याची, एक ह्यांचं. तिन्ही अर्धवट. तिन्ही मीच तोडलेली.

"बरं, झालं ते झालं," मी आवाज चढवूनच म्हणाले, कारण तो खाली आणला असता तर रडूच आलं असतं. "आता हे पैसे तुझ्या केळीत घाल. दोन वाटे."

प्रकाश उठलाच. "नही ताई. पोरीच्या फीचा पैसा मी केळीत नही घेत. उद्या वारं सुटलं तं ही सारी झाडं एका तासात आडवी. रोग आला तं काय? बोर्ड पडला तं काय? माह्यं तं सारंच जोखमीत उभं आहे. म्हनून तं तेवढा एक तुकडा बँकेत ठेवला."

"बँकेत? तू? कधी?"

"तूच तं करून देली व्हती! तुह्याच संगं, त्याच दिवशी. पाच वर्सं, साडेदहा. ती तशीच आहे. तिले मी हात लावत नसतो."

ऐकलंत? माझा भाऊ, आठवी नापास, तेव्हाही साडेदहा टक्के खात होता. आणि त्याच्या फॉर्मवर रकाने भरून देणारी मी, गणिताची बाई, दंड भरून मोकळी! याला केळी सुरक्षित नाही हे कळतं, बँकेची चिठ्ठी सुरक्षित हे कळतं, दोन्हींत किती ठेवायचं तेही कळतं. मी कागदावर अक्षर छान काढलं!

घरी आले ती सरळ दुकानात.

"तुम्हाला माहीत होतं?"

ह्यांनी मान हलवली.

"सगळं माहीत होतं? की जुन्या पावतीवर जुनाच दर राहतो?"

"हो."

"मग सही का केलीत?"

"मी सांगायला गेलो, तर तू विचारलंस, कोणाच्या बाजूनं आहात." ते रिफीलीची डबी बंद करत म्हणाले, "तुझ्या बाजूनं होतो, म्हणून केली."

सांगा आता! अशा माणसावर चिडायचं तरी कसं? तरी मी चिडले. खूप चिडले. त्यांनी ऐकून घेतलं.

संध्याकाळी मंजूला फोन लावला. तिला सांगणं भागच होतं, पुढची तिमाही जवळ आली होती आणि व्याज निम्म्याच्या आसपास आलं असतं. मी सांगितलं. मला वाटलं, पोरगी भडकेल. म्हणेल, आई तू कमालच केलीस. ती भडकली असती तर मीही उलट भडकले असते आणि दोघी मोकळ्या झालो असतो.

ती म्हणाली, "टेन्शन नको घेऊ आई. मी मेस सोडते. आम्ही तिघीजणी मिळून रूमवरच बनवू काही. एका वेळेचं चालून जातं."

एका वेळेचं! माझ्या तोंडाच्या वाफेपायी माझं लेकरू एक वेळ जेवणार! मी म्हटलं, "खबरदार मेस सोडलीस तर!" आणि फोन आपटला. मग तिथेच स्टुलावर बसून रडले. हे दुकानातून आले, बघितलं, आणि चहा ठेवायला गेले. दुसऱ्या कोणावर काढायला राग शिल्लक नव्हता. त्या दिवशी तो सगळा माझ्याच वाट्याला आला आणि फार कडू होता.

दुसऱ्या दिवशी परत बँक. पैसे तर ठेवायलाच हवे होते, बचत खात्यात त्यांना कितीसं व्याज! फळ्यावर बघितलं. एवढ्या दिवसांत पाच वर्षांच्या पुढे पावणेसहा झाले होते. मी फळ्याला काही बोलले नाही. कोणाच्या तोंडानं बोलणार?

बोरसे साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी प्यायले.

"साहेब, हे परत ठेवायचे आहेत. कसे ठेवू? सांगा तुम्ही."

आणि तो माणूस सांगायला लागला. मी दातावर दात दाबून बसले आणि एकदा सोडलं तर मधे बोलले नाही. ह्यांनी दोनदा माझ्याकडे वळून बघितलं, मला बरं नाही की काय म्हणून. साहेब म्हणाले, "मॅडम, मुलीची दोन वर्षं राहिलीत. त्या दोन वर्षांत जो पैसा लागणार, तो सगळा एफडीत. दर कमी वाटला तरी तिथेच. फीचा पैसा जोखमीत नाही घालायचा. दर आणखी पडला तरी तुमच्या पावतीवरचा पडणार नाही, हे आता..."

"हे आता मला माहीत आहे."

"हां. मग जो पैसा पाच-सात वर्षं लागणारच नाही, त्यातला थोडासा फंडात टाकून बघा. इतकाच, की तो बुडाला तरी मॅडम त्या दिवशी शांत झोपतील."

मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा त्या माणसाची वाक्यं शेवटपर्यंत ऐकली. एकही मूर्खपणाचं नव्हतं. पहिल्याच दिवशी एवढं तोंड बंद ठेवलं असतं तर!

सही झाल्यावर मी घसा खाकरला. "त्या दिवशी मी तुम्हाला ते... चोर म्हणाले..."

"जाऊ द्या मॅडम. रेट कमी झाले की रोज दोन-चार लोक म्हणतात." आणि मग टेबलावरचा कागद सारखा करत म्हणाले, "मॅडम, तुम्ही ट्यूशन घेता का? माझी मुलगी गौरी आठवीत आहे. गणितात फार कच्ची आहे. खंडव्याला चांगल्या बाई होत्या, इथे कोणी मिळालं नाही."

मला काय राग आला म्हणून सांगू! हा माणूस वाईट असता, चार लोकांत माझा अपमान करता, तर किती बरं झालं असतं! हा वरून मला काम देतोय! पण मंजूची मेस डोळ्यांसमोर होती. मी म्हटलं, "पाठवा. आणखी चार मुली असतील तर त्यांनाही पाठवा."

अशी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांची निवृत्ती संपली. दुकानाच्या मागच्या खोलीत चटई टाकली, ह्यांनी एक फळा आणून लावला आणि पाच मुली यायला लागल्या. कमी पडणाऱ्या व्याजाची भर त्यातून निघाली. मंजूनं मेस सोडली नाही. म्हणजे हिशेब असा, की ज्याला मी भर बँकेत चोर म्हटलं, त्याच्याच पगारातून माझी पोरगी जेवत होती.

गौरी हुशार निघाली हो. बापासारखीच मऊ बोलणारी, पण हुशार. अपूर्णांक झाले, समीकरणं झाली, दोन महिन्यांत पोरीचं गणित रांगेला लागलं. मग एक दिवस मी पुस्तक उघडलं आणि म्हटलं, "चला, पुढचा धडा. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज."

बाकीच्या चौघींनी वह्या काढल्या. गौरीनं काढली नाही.

"काय गं? वही?"

"बाई, हा धडा माझा सोडायचाय."

"सोडायचाय? परीक्षेला येतो तो! का सोडायचा?"

"पप्पांनी सांगितलंय. हा ते स्वतः घरी शिकवणार आहेत."

"आणि बाकीचं सगळं माझ्याकडे? फक्त हाच का बरं?"

ती जरा घुटमळली. मग त्या मऊ आवाजात म्हणाली, "मी पण विचारलं. तर पप्पा म्हणाले, का ते बाईंना माहीत आहे."

पाचही मुली माझ्याकडे बघायला लागल्या. पलीकडे दुकानात ह्यांचा खोकला अचानक वाढला.

मी पंधरा पानं एकदम उलटली आणि म्हटलं, "भूमिती काढा."